मणक्यातून निसटलेली गादी शरीरच आवरते

एमआरआयचा अहवाल हातात पडला की घरात आधी वाचला जातो तो शेवटचा परिच्छेद. ‘एल-४, एल-५ या पातळीवर डिस्क एक्स्ट्रूजन, नसेच्या मुळावर दाब.’ सगळा अर्थ लागत नाही, पण ‘दाब’ हा शब्द कळतो आणि धडकी भरते. मग शेजारी, नातेवाईक, कार्यालयातले सहकारी आपापल्या परीने तो समजावून सांगतात. मणक्यात गॅप आली, गादी सरकली, आता ऑपरेशन काही टळत नाही. दुसरे कोणी बजावते की मणक्याला हात लावू देऊ नका, कायमचे अंथरूण धराल. रुग्ण या दोन भीतींच्या मध्ये अडकतो.

या सल्ल्यांमध्ये एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कंबरेच्या मणक्यातून बाहेर आलेला गादीचा भाग पुष्कळ रुग्णांमध्ये काही महिन्यांत आपोआप आक्रसतो. काहींच्या दुसऱ्या एमआरआयमध्ये तर तो शोधूनही सापडत नाही. त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी की, जो तुकडा जास्त बाहेर आलेला असतो आणि अहवालात जास्त भीतिदायक वाटतो, तोच विरघळून जाण्याची शक्यता अधिक असते.

गादी ‘सरकत’ नाही

मानेपासून कंबरेपर्यंत मणक्यांच्या मध्ये एकूण २३ गाद्या असतात. प्रत्येक गादीच्या मधोमध पाणी धरून ठेवणारा, जेलीसारखा मऊ गर असतो आणि त्याभोवती चिवट तंतूंच्या अनेक थरांचे कडे असते. चालताना, वाकताना, ओझे उचलताना बसणारा भार ही गादी पेलते. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. पलंगावरून उशी घसरावी तशी ती घसरत नाही. ‘गॅप’ हा शब्दही दिशाभूल करणारा आहे. मणक्यांमध्ये कुठलीही पोकळी पडलेली नसते. उलट गादी झिजली की एक्स-रेमध्ये दोन मणक्यांमधले अंतर कमी झालेले दिसते.

प्रत्यक्षात होते ते असे. वय, आनुवंशिकता, वर्षानुवर्षांचे ओझे आणि धूम्रपान यांमुळे बाहेरच्या कड्याला बारीक चिरा पडत जातात. मग एखाद्या दिवशी पाण्याची घागर उचलताना, बाळाला कडेवर घेताना किंवा नुसते शिंकताना आतला गर त्या चिरेतून मागच्या बाजूला ढकलला जातो. कंबरेच्या शेवटच्या दोन गाद्यांच्या बाबतीत हे सर्वाधिक घडते. त्यांच्या मागूनच नसांची मुळे खाली उतरतात आणि एकत्र येऊन मांडीच्या मागून पायात जाणारी सायटिक नस तयार होते. म्हणून बिघाड कंबरेत असतो आणि कळ मात्र नितंबातून पोटरीपर्यंत, कधी अंगठ्यापर्यंत जाते. आयुर्वेदात गृध्रसी या नावाने वर्णन केलेले दुखणे ते हेच.

अहवालातले चार शब्द इथे समजून घेतलेले बरे. गादीचा घेर नुसता फुगून बाहेर आला असेल तर त्याला ‘बल्ज’ म्हणतात. एका जागी फुगवटा आला, पण त्याचा पाया रुंद राहिला, तर ‘प्रोट्रूजन’. गर कडे फोडून बाहेर आला, पण मूळ गादीशी अजून जोडलेला आहे, तर ‘एक्स्ट्रूजन’. आणि तुकडा तुटून सुटा पडला असेल तर ‘सिक्वेस्ट्रेशन’. क्रमाने पाहिले तर आजार बिघडत चालल्यासारखा वाटतो. आपोआप बरे होण्याच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा लागतो.

दिसत नव्हते म्हणून कळले नाही

अमेरिकेतील बोस्टन शहरातले मेंदू व मज्जासंस्थेचे शल्यविशारद विल्यम जेसन मिक्स्टर आणि अस्थिशल्यविशारद जोसेफ सीटन बार यांनी १९३४ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पायात उतरणाऱ्या त्या असह्य कळेचे कारण अनेकदा फुटलेली गादी असते आणि तो तुकडा काढला की रुग्णाला आराम पडतो, हे त्यांनी दाखवून दिले. तोपर्यंत शस्त्रक्रियेत सापडणाऱ्या अशा तुकड्यांना कूर्चेची गाठ समजले जाई. या निबंधाने मणक्याच्या शस्त्रक्रियेचे नवे युग सुरू झाले.

पण त्यातून एक समजही पक्का झाला. तुकडा बाहेर आला म्हणजे तो बाहेरूनच काढावा लागणार, हा तो समज. त्याला तसे कारणही होते. त्या काळी गादीची अवस्था डोळ्यांनी पाहायची तर पाठ उघडणे भाग होते आणि जे रुग्ण घरी बसून बरे झाले, त्यांची पाठ उघडून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या शरीरात काय घडले ते कोणाला दिसलेच नाही. १९८०च्या दशकात सीटी स्कॅन आणि पाठोपाठ एमआरआय रुळले, तेव्हा एकाच रुग्णाची गादी काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा पाहता येऊ लागली. पहिल्या चित्रात ठळक दिसणारा तुकडा दुसऱ्या चित्रात लहान झालेला किंवा नाहीसा झालेला आढळू लागला.

शरीराची सफाई मोहीम

प्रौढ माणसाच्या गादीच्या गरात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींची त्याच्याशी कधी गाठच पडलेली नसते. गर कड्याच्या आत आहे तोवर तो जणू बंद खोलीत असतो. कडे आणि त्यामागचा अस्थिबंध फोडून तो मणक्याच्या नळीत आला, की पहिल्यांदाच रक्तपुरवठ्याच्या टप्प्यात येतो. प्रतिकारशक्ती त्याला परका समजते आणि कामाला लागते.

तुकड्याभोवती सूज येते आणि नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. त्यांच्यातून मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी तिथे पोहोचतात. तंतू तोडणारी विकरे पाझरू लागतात आणि सुटे झालेले कण या पेशी गिळून टाकतात. सोबतच गरातले पाणी कमी होत जाते आणि तुकडा सुकून आक्रसतो. जो तुकडा पूर्ण बाहेर आला, त्याला रक्तपुरवठा जास्त भिडतो आणि त्याची सफाईही जास्त होते. नुसता फुगवटा असेल तर कडे शाबूत असते, गर आतच राहतो आणि सफाई पेशींना तिथे वाव मिळत नाही.

तैवानमधील संशोधकांनी २०१५ मध्ये या विषयावरील उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले. शस्त्रक्रिया न केलेल्या रुग्णांमध्ये सुट्या पडलेल्या तुकड्यांपैकी ९६ टक्के तुकडे लहान झाले किंवा नाहीसे झाले. एक्स्ट्रूजनमध्ये हे प्रमाण ७० टक्के, प्रोट्रूजनमध्ये ४१ टक्के आणि साध्या बल्जमध्ये केवळ १३ टक्के होते. पूर्णपणे नाहीसे होण्याचे प्रमाण अर्थातच कमी होते. सुट्या तुकड्यांमध्ये ते ४३ टक्के, तर एक्स्ट्रूजनमध्ये १५ टक्के होते.

याच प्रक्रियेत दुखण्याचाही एक उलगडा दडलेला आहे. सायटिकाची कळ केवळ दाबामुळे येत नाही. बाहेर आलेल्या गरामुळे जी रासायनिक सूज येते, तिने नसेचे मूळ चिडते. निरोगी नसेला थोडा दाब दिला तर मुंग्या येतात, बधिरपणा येतो. सुजलेल्या नसेला तोच दाब दिला की कळ उठते. म्हणजे जी सूज सुरुवातीचे आठवडे असह्य करते, तीच तुकडा साफ करण्याच्या कामातही असते. तुकडा जागचा हलण्याआधीच सूज ओसरून दुखणे कमी झाले, असेही अनेकदा घडते.

चित्र एक, दुखणे दुसरे

ज्यांची कंबर कधीच दुखली नाही, त्यांचा एमआरआय काढला तर? अमेरिकेत ९८ निरोगी व्यक्तींवर असा अभ्यास झाला आणि तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ५२ टक्के लोकांच्या किमान एका गादीत बल्ज होता आणि २७ टक्क्यांच्या गादीत प्रोट्रूजन होते. सर्व गाद्या अगदी ठीक असलेले लोक अवघे ३६ टक्के निघाले. यांतल्या कोणालाही कंबरदुखी नव्हती. २०१५ मध्ये तीन हजारांहून अधिक वेदनारहित लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यानुसार विशीतल्या लोकांमध्येच ३७ टक्के जणांच्या गाद्यांची झीज दिसते आणि ऐंशीत हे प्रमाण ९६ टक्क्यांवर जाते. चष्म्याचा नंबर किंवा पिकलेले केस असतात, तशीच ही वयाची खूण म्हणायची.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या रुग्णांचा उपचारानंतर वर्षभराने पुन्हा एमआरआय काढला गेला. बरे झालेल्यांपैकी ३५ टक्के रुग्णांची गादी तेव्हाही बाहेर आलेली दिसत होती. बरे न झालेल्यांमध्ये हे प्रमाण ३३ टक्के होते. नुसते चित्र पाहून कोणाला दुखते आहे आणि कोणाला नाही, हे ओळखता आले नसते. म्हणूनच धोक्याची लक्षणे नसतील तर पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआय काढण्याची घाई नको, असे अनेक वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. बरे वाटू लागल्यावर ‘गादी आत गेली का’ हे पाहण्यासाठी पुन्हा खर्च करण्याचीही गरज नसते.

श्रेय कोणाचे?

गावाकडे कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाला, म्हणजे जन्माच्या वेळी ज्याचे पाय आधी बाहेर आले अशा माणसाला, शोधून त्याचा पाय कंबरेला लावून घेण्याची रीत आहे. उसण दोन-चार दिवसांत जाते आणि श्रेय पायाळूला मिळते. ती तशीही जाणार होती, हे कोणी पडताळून पाहत नाही. सायटिकाच्या बाबतीतही हेच घडते, फक्त दिवसांऐवजी आठवडे लागतात. सहाव्या आठवड्यात जो उपचार चालू असेल, मग तो पट्टा असो, वजने लावून दिलेले ट्रॅक्शन असो, तेल असो की महागडी थेरपी, रुग्ण त्याच उपचाराचे गुण गातो. शस्त्रक्रियाही याला अपवाद नाही. खरे उत्तर हवे असेल तर सारख्या रुग्णांचे दोन गट करून तुलना करावी लागते.

नॉर्वेतील डॉ. हेन्रिक वेबर यांनी नेमके हेच केले. ज्यांना शस्त्रक्रिया करावी की नाही याबद्दल खात्रीने सांगता येत नव्हते, अशा १२६ रुग्णांची त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली आणि दहा वर्षे त्यांचा पाठपुरावा केला. हे निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेले रुग्ण स्पष्टपणे बरे होते. चौथ्या वर्षी हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतका उरला नाही आणि पुढेही त्यात विशेष बदल झाला नाही.

नेदरलँड्समध्ये २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६ ते १२ आठवडे तीव्र सायटिका असलेले २८३ रुग्ण होते. एका गटाची शस्त्रक्रिया लवकर झाली, दुसऱ्याने वाट पाहिली. बरे वाटायला पहिल्या गटाला साधारण चार आठवडे लागले, दुसऱ्याला बारा. वर्षाअखेर दोन्ही गटांतले ९५ टक्के रुग्ण स्वतःला बरे झालेले मानत होते. मात्र वाट पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांना वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही विसरता येत नाही.

या आकड्यांचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे, असा नाही. ती बहुतेकांसाठी वेळ वाचवते. त्या वेळेची किंमत प्रत्येकाची वेगळी असते. घरून संगणकावर काम करणाऱ्याला दोन-तीन महिने सोसणे जमू शकते. हातावर पोट असलेल्या हमालाला किंवा रिक्षाचालकाला तेवढे दिवस घरी बसणे परवडेलच असे नाही. निर्णय घेताना अहवालाइतकाच या गोष्टींचा विचार व्हायला हवा. वाट पाहण्यालाही मर्यादा आहे. कॅनडात चार ते बारा महिने सायटिका टिकून राहिलेल्या १२८ रुग्णांवर चाचणी झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांच्या पायातली वेदना दहापैकी २.८ होती, तर इतरांची ५.२. शरीराला पुरेसा अवधी देऊनही कळ हटत नसेल, तर शस्त्रक्रियेचे पारडे जड होते.

वाट पाहायची, पण कशी?

वाट पाहणे म्हणजे पडून राहणे नव्हे. नेदरलँड्समध्येच १८३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात काहींना दोन आठवडे अंथरुणात विश्रांती दिली, बाकीच्यांना झेपेल तसे हिंडायला-फिरायला सांगितले. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांतले ८७ टक्के रुग्ण सुधारलेले होते. विश्रांतीने काही जास्तीचे मिळाले नाही. कळ फार असेल तेव्हा एक-दोन दिवस आडवे होणे ठीक, त्यानंतर मात्र थोडे थोडे चालणे सुरू करावे. बसल्यावर त्रास वाढत असेल तर सलग बसणे टाळावे आणि दर अर्ध्या तासाने उठावे. ओझे उचलणे आणि कंबरेतून वाकून पीळ देणे काही आठवडे बंद ठेवावे.

फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली केलेल्या व्यायामाचा उपयोग होतो. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत अशी वर सरकत गेली, तर कंबर दुखत असली तरी ते सुधारणेचे लक्षण मानतात. ती खाली पावलाकडे उतरू लागली तर तो व्यायाम थांबवावा. वेदनाशामक गोळ्या थोड्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा अल्सरचा त्रास असलेल्यांनी त्या परस्पर घेऊ नयेत. नसेच्या मुळाजवळ दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काहींना काही आठवड्यांचा आराम मिळतो आणि तेवढ्यात शरीराचे काम पुढे सरकते.

ब्रिटनमधील ‘नाइस’ ही संस्था आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरवते. कंबरदुखी आणि सायटिकासाठी ट्रॅक्शन तसेच कंबरेचा पट्टा देऊ नये, असे ती सांगते. आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी गाबापेंटिन आणि प्रीगाबालिन ही औषधेही सायटिकासाठी देऊ नयेत, असे तिचे मत आहे. प्रीगाबालिनची ऑस्ट्रेलियात चाचणी झाली तेव्हा सायटिकाची वेदना औषध नसलेल्या गोळीइतकीच कमी झाली, चक्कर येण्याचे प्रमाण मात्र वाढले. जे रुग्ण ही औषधे आधीपासून घेत आहेत त्यांनी ती अचानक बंद करू नयेत, डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी करावीत. कंबर जोराने पिळणे किंवा पाठीवर पाय देऊन तुडवणे हे प्रकार तर पूर्ण टाळावेत.

इथे थांबायचे नाही

काही लक्षणे दिसली तर ‘आपोआप बरे होईल’ हा विचार बाजूला ठेवावा लागतो. मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या भागातच संपतो. त्याच्या खाली नसांची मुळे घोड्याच्या शेपटीसारखी जुडी करून लोंबत असतात. मोठा तुकडा या संपूर्ण जुडीवर दाबला गेला तर लघवी तुंबते, लघवी किंवा शौचावरचा ताबा जातो, खोगिरावर बसताना जो भाग टेकतो तो, म्हणजे जननेंद्रिये, गुदद्वार आणि मांड्यांची आतली बाजू, बधिर होतो. दोन्ही पायांत कळा किंवा अशक्तपणा येऊ शकतो. अशा वेळी त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जावे. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. अशा बाबी डॉक्टरांना सांगायला रुग्ण लाजतात. या लाजेने नुकसान होते.

पायातली ताकद कमी होणे हे दुसरे गंभीर लक्षण. पाऊल वर उचलता येत नसेल, चालताना चप्पल पायातून निसटत असेल, टाचेवर किंवा चवड्यावर उभे राहता येत नसेल आणि हे वाढत असेल, तर तातडीने तज्ज्ञाला दाखवावे. कंबरदुखीसोबत ताप, विनाकारण वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग किंवा मोठा अपघात असेल, तर दुखण्याचे कारण गादी नसून दुसरेच असू शकते. क्षयरोग मणक्यातही होतो. भारतात ही शक्यता नेहमी ध्यानात ठेवावी लागते.

तुकडा विरघळला म्हणजे गादी नवी झाली, असेही नाही. फाटलेल्या कड्यावर व्रण राहतो आणि तिथून पुन्हा गर बाहेर येऊ शकतो. शस्त्रक्रियेनंतरही हा धोका उरतोच. म्हणून नियमित चालणे, पाठीच्या व पोटाच्या स्नायूंचे व्यायाम आणि विडी-सिगारेट सोडणे हे दोन्ही मार्गांवर सारखेच लागू होते.

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर रुग्णाने तीन प्रश्न जरूर विचारावेत. पायातली ताकद कमी झाली आहे का? सहा आठवडे थांबलो तर काय धोका आहे? आणि अहवालातली गादी नेमक्या त्याच नसेवर आहे का, जिची कळ पायात येते आहे? धोका नसेल आणि थांबायचे ठरले, तर घरी एक साधी वही ठेवावी. किती मिनिटे चालता आले, कळ कुठपर्यंत उतरली, रात्री झोप लागली का आणि टाचेवर चार पावले टाकता आली का, एवढे रोज त्यात टिपावे. सहा आठवड्यांनी डॉक्टरांकडे जाताना एमआरआयच्या पाकिटासोबत ही वही न्यावी. पुढचा निर्णय घेताना डॉक्टरांना तिचा पाकिटाइतकाच उपयोग होईल.